फाल्गुनातलं पाणथळ

महाराष्ट्रातल्या पक्षीनिरीक्षकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि संक्रांत उलटली की ओसरू लागतो. डिसेंबरातल्या रविवारी उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला गाडी लावायला जागा मिळत नाही. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तिचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. मग उन्हं तापू लागतात, मुलांच्या परीक्षा जवळ येतात, दुर्बिणी कपाटात जातात. बहुतेकांच्या वहीत फेब्रुवारीच्या मध्यानंतरची पानं कोरी असतात, आणि हे पुस्तक त्या कोऱ्या पानांसाठी लिहिलं आहे. माघ संपत आल्यापासून चैत्र सरेपर्यंतचे जे आठ-दहा आठवडे असतात, त्यांत आपल्या पाणथळींवर जे घडतं ते वर्षात पुन्हा कधी घडत नाही. पाणपक्षी खऱ्या अर्थाने पाहायचे असतील तर याच दिवसांत पाहावेत, असं माझं ठाम मत आहे.

त्याचं पहिलं कारण अगदी व्यवहारी आहे. पक्षी ओळखायला हा काळ सर्वांत सोपा. ऑक्टोबरात बदकं येतात तेव्हा नर आणि मादी सारखीच मळकट, तपकिरी दिसतात. प्रजननानंतर नराने आपली रंगीत पिसं टाकलेली असतात आणि नवी अजून पुरती आलेली नसतात. नवखा माणूस थव्याकडे बघतो, पुस्तकातल्या चित्राकडे बघतो आणि वैतागतो. तोच थवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात बघावा. भुवई बदकाच्या नराच्या डोळ्यावरून निघालेली पांढरी कमान मानेपर्यंत उतरलेली असते, डोकं तांबूस तपकिरी, कूस करडी, आणि खांद्यावरून लोंबणारी काळी-पांढरी लांब पिसं पाण्याला टेकू पाहतात. नावाचं कारण मग सांगावं लागत नाही. तलवार बदकाची शेपूट पुरती लांब झालेली असते. थापट्याचं डोकं उन्हात हिरवं चमकतं. चक्रवाक नराच्या गळ्याभोवती काळी बारीक रेघ उमटते, जी थंडीत दिसत नव्हती. ही रेघ म्हणजे जोडीतला नर कोणता ते सांगणारी खूण. जानेवारीत याच प्रश्नावर निरीक्षक तासभर वाद घालत बसतात.

बदकांपुरतंच हे नाही. तपकिरी डोक्याचा कुरव हा उजनीवर आणि मुंबईच्या किनाऱ्यावर सर्रास दिसणारा पक्षी. थंडीभर त्याचं डोकं पांढरं असतं, कानापाशी तेवढा एक काळसर डाग. फेब्रुवारी सरता सरता त्या डागाभोवती तपकिरी ठिपके उगवू लागतात, ते कपाळाकडे सरकतात, हनुवटीखाली उतरतात. मार्चच्या मध्याला एकाच थव्यात सगळ्या पायऱ्या पाहायला मिळतात: एकाचं डोकं अजून पांढरं, दुसऱ्याचं चट्ट्यापट्ट्यांचं, तिसऱ्याचं पुरतं कॉफीच्या रंगाचं आणि त्याला मानेशी गडद काठ. त्या गडद डोक्यात फिकट डोळा असा काही उठून दिसतो की नाव पन्नास फुटांवर असली तरी दुर्बिणीशिवाय कळतो. आणखी तीन-चार आठवड्यांत हा पक्षी लडाख-तिबेटच्या सरोवरांकडे निघालेला असतो. डोक्याचा रंग ही त्याच्या निघण्याची तयारी आहे, आणि ती तयारी आपल्यासमोर होते.

धोब्यांकडेही लक्ष द्यावं. पिवळ्या डोक्याच्या धोब्याचं डोकं लिंबाच्या रंगाचं होतं, पांढऱ्या धोब्याच्या गळ्यावर काळा पट्टा पसरत जातो. चिखलात चोच खुपसत फिरणारे गॉडविट थंडीत राखाडी असतात, ते छातीवर विटकरी होऊ लागतात. छोट्या टिलव्यांच्या पाठीवर तांबूस झाक येते. लव्हाळ्यात लपणारा ब्लूथ्रोट, ज्याला आपले निरीक्षक मराठी बोलतानाही ब्लूथ्रोटच म्हणतात, गळ्यावरचा निळा-तांबडा रंग पुरता उजळून घेतो आणि झुडपात बसून हलक्या आवाजात गाणं घोटतो. पूर्ण गळ्याने तो उत्तरेत गाईल. इथे ऐकू येते ती तालीम. नर भुवई बदकाचा आवाजही याच दिवसांत ऐकू येतो. वाळक्या फणीच्या दात्यांवरून नख ओढावं तसा कोरडा, करकरीत. तो एकदा ओळखता आला की थवा पाणवनस्पतींच्या मागे असला तरी कळतो.

दुसरं कारण पाण्याचं. उजनीचं उदाहरण घेऊ, कारण या पुस्तकातल्या बऱ्याच नोंदी तिथल्या आहेत. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा. सोलापूरच्या माणसाला ही आकडेवारी तोंडपाठ असते, कारण दर उन्हाळ्यात ‘उजनी वजा झाली’ ही, म्हणजे पाणी मृतसाठ्यात गेल्याची, बातमी त्याच्या नळाशी आणि उसाशी बांधलेली असते. पाणी जसं उतरतं तसा भिगवण, कुंभारगाव, डिकसळ, पळसदेवच्या बाजूचा काठ उघडा पडतो. बुडालेल्या बांधांच्या रेघा दिसू लागतात, पळसदेवचं जुनं मंदिर पाण्याबाहेर येतं, आणि मैलोगणती उथळ पाणी आणि ओला गाळ तयार होतो.

पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट धरणात पाणी किती, ही नसते. पाणी किती खोल, ही असते. टिलव्याला नुसता ओला काठ पुरतो, त्याची चोच नखभर. तुतवार काठाकाठाने फिरते. गॉडविट पोटापर्यंत पाण्यात शिरून लांब चोच तळाशी नेतो. शेकाट्याला त्याहून थोडं खोल चालतं. थापट्या पृष्ठभागाजवळचं पाणी रुंद चोचीतून गाळत जातो. तलवार बदक शेपूट वर करून उलटं होतं आणि लांब मानेच्या बळावर तळ गाठतं. लालसरी बुडी मारते, म्हणून ती मधल्या खोल पाण्यात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, लांब पायांवर चालत जाऊन डोकं उलटं बुडवतो. पाणी वीतभर उतरलं की ही सगळी मांडणी काठापासून आत सरकते. ज्या कोपऱ्यात मागच्या रविवारी बदकं होती तिथे या रविवारी टिलवे असतात, आणि बदकं पाव किलोमीटर पुढे. म्हणून पाऊसकाळ चांगला झाला आणि फेब्रुवारीपर्यंत धरण भरलेलं राहिलं की भिगवणला रोहित उशिरा येतात, थोडे येतात. लोक मात्र समजतात की पक्षी रुसले. पाणी आणि पक्षी यांची सांगड एकदा डोक्यात बसली की धरणाच्या पातळीची रोजची बातमी वाचूनच कुठे काय दिसेल याचा अंदाज बांधता येतो. यासाठी पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते वाचकांनी सर्वांत आधी वाचावं.

उघड्या पडलेल्या जमिनीवर काठची गावं गाळपेर करतात. हरभरा, गहू, कलिंगड, काकडी. ज्यांच्या वाडवडिलांची शेतं या पाण्याखाली गेली, त्यांच्यातले अनेकजण आजही पाणी उतरायची वाट बघतात. त्याच कोवळ्या पिकावर पट्टकदंब हंस रात्री उतरतात. शेतकऱ्याने त्यांना हाकलणं मला समजू शकतं, आणि शहरातून दोन तासांसाठी येणाऱ्या निरीक्षकाने त्याला पक्षीप्रेमाचे धडे देऊ नयेत, असं मला वाटतं. महाराष्ट्रातल्या नावाजलेल्या पाणथळींपैकी लोणार आणि ठाण्याची खाडी तेवढी निसर्गाने घडवलेली. नाशिकचं नांदूर मध्यमेश्वर हा गोदावरी-कादवा संगमावरच्या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यामागचा गाळ, जायकवाडीचा नाथसागर म्हणजे धरण, गोंदिया-भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव शेतीसाठी बांधलेले, शेजारच्या गोव्यातलं करमळीचं तळंही भातशेतीच्या पाण्यासाठी. यातलं काहीही पक्ष्यांसाठी बांधलेलं नाही. माणसाने आपल्या गरजेसाठी अडवलेल्या पाण्यावर मध्य आशियातल्या पक्ष्यांनी आपला हिवाळा बेतला. २०२० साली नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं, पाठोपाठ लोणार आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी. दर्जा मिळाला हे चांगलंच झालं. पण उरलेल्या शेकडो तलावांचं काय होतं ते बघायला स्थानिक माणसाशिवाय कोणी नाही.

हे हिवाळी पक्षी परत निघतात कशावरून? थंडी सरली म्हणून, असं सहज उत्तर दिलं जातं. पण थंडी एका वर्षी फेब्रुवारीत सरते, एका वर्षी मार्चपर्यंत रेंगाळते. पक्ष्यांचा निघण्याचा काळ इतका पुढे-मागे होत नाही. कॅनडातल्या एडमंटन इथे विल्यम रोवन या प्राध्यापकाने १९२०च्या दशकात एक प्रयोग केला. जंको नावाचे छोटे पक्षी त्याने ऐन हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस रोज थोडाथोडा लांबवत नेला. बाहेर गोठवणारी थंडी असतानाही त्या पक्ष्यांच्या शरीरात वसंत सुरू झाला, त्यांच्या जननग्रंथी वाढल्या. पक्षी मोजतो तो दिवसाचा प्रकाश, हे त्यातून पुढे आलं. आपल्या अक्षांशावर हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि उन्हाळ्यातला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. म्हणजे मार्चमध्ये दिवस रोज जेमतेम मिनिटभराने वाढतो. आपल्याला तो फरक आठवडाभरानेही जाणवत नाही. पक्ष्याच्या शरीराला तेवढा पुरतो.

मग त्यांची भूक बदलते. महिनाभर ते खात सुटतात आणि खाल्लेलं चरबी करून साठवतात. चरबीच्या एका ग्रॅममधून पिष्टाच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते, आणि ती जळताना पाणीही तयार होतं. दूरच्या उड्डाणाला याहून सोयीचं इंधन नाही. चिखलातले लहान पक्षी निघण्यापूर्वी आपल्या वजनाच्या निम्म्याइतकी भर घालू शकतात. मार्चमध्ये दुर्बिणीतून बघताना टिलव्याचं पोट गोल, जड दिसतं आणि तो चोच उचलतच नाही, त्याचा अर्थ हा. संध्याकाळी थव्यांत चुळबुळ वाढते. पक्षी उठतात, एक फेरी घेतात, पुन्हा बसतात, हाका वाढतात. पिंजऱ्यातल्या स्थलांतरी पक्ष्यांतही याच दिवसांत रात्री अशीच अस्वस्थता दिसते, हे युरोपातल्या संशोधकांनी फार पूर्वी नोंदवलं आहे. मग एखाद्या संध्याकाळी थवा उठतो आणि उतरत नाही. बदकं आणि चिखलपक्षी बहुतेक वेळा असे अंधार पडतानाच निघतात, त्यामुळे प्रत्यक्ष निघताना पाहण्याचं भाग्य थोड्यांना लाभतं. सूर्य मावळल्यावर लगेच गाडीकडे वळू नये, असं मी नव्या निरीक्षकांना सांगतो ते याचसाठी.

जोड्या कुठे जमतात, हीसुद्धा लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. बऱ्याच बदकांची जोडी हिवाळी मुक्कामावरच जमते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तलवार बदकाचे चार-पाच नर एका मादीभोवती माना ताणून, शेपट्या उचलून फिरताना दिसतात. मादी ज्याला निवडेल तो नर तिच्याबरोबर निघतो, आणि मादी साधारणपणे जिथे जन्मली त्या भागाकडे परत जाते. म्हणजे उत्तरेकडच्या एखाद्या दलदलीत जूनमध्ये अंड्यांवर बसलेल्या बदकिणीची सोयरीक जायकवाडीवर जुळलेली असू शकते.

पट्टकदंब हंसांविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मार्चमध्ये सर्वांत आधी रिकाम्या होणाऱ्या जागा त्यांच्या असतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे, पिवळी चोच, राखाडी अंग. तिबेटच्या पठारावर आणि मंगोलियातल्या सरोवरांवर ते वीण घालतात, आणि तिकडे जायचं तर हिमालय वाटेत येतो. ते एव्हरेस्टवरून उडतात, ही गोष्ट गिर्यारोहकांच्या आठवणींतून जगभर पसरली. उपग्रह-यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासातून २०११च्या सुमारास जे पुढे आलं ते त्या कथेहून मला अधिक थक्क करणारं वाटतं. भारतातून वसंतात उत्तरेकडे जाणारे हे हंस सखल मैदानातून निघून सरासरी सात-आठ तासांत चार ते सहा हजार मीटर उंची चढतात. वाऱ्याच्या मदतीची वाट बघत नाहीत. दुपारी डोंगरउतारावरून वर येणारा वारा त्यांना उचलू शकला असता, पण ते रात्री आणि पहाटे, हवा थंड आणि शांत असताना उडतात. थंड हवा दाट असते, पंखाला अधिक आधार देते. नोंदवली गेलेली सर्वांत मोठी उंची ७,२९० मीटर. बहुतेक उड्डाणं मात्र खिंडी आणि दऱ्या धरून, डोंगराच्या पृष्ठभागाशी जवळीक ठेवून होतात. डोंगर आला की वर, दरी आली की खाली. वर चढून तिथेच राहण्यापेक्षा असं वर-खाली करणं स्वस्त पडतं, कारण विरळ हवेत प्रत्येक फडफडीची किंमत वाढते. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून ठेवतं, श्वास खोल असतो. कुंभारगावच्या गाळपेरीत हरभऱ्याचे शेंडे खुडणाऱ्या हंसाकडे बघताना हे माहीत असावं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे प्रत्येक हिवाळी पक्षी ‘सैबेरियाहून आलेला’ असतो, बातमीत तरी. खरं तर प्रत्येकाची वाट वेगळी आहे. चक्रवाक लडाखमध्येही वीण घालतो. मोठी लालसरी मध्य आशियातली. भोरड्या कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशात टोळांच्या मोसमावर आपली पिल्लं वाढवतात. आणि ज्या रोहितांना पाहायला सर्वाधिक गर्दी होते त्यांचं मोठं प्रजननस्थान कच्छच्या रणात आहे. म्हणूनच इतर सगळे निघून गेल्यावरही ते मे-जूनपर्यंत ठाण्याच्या खाडीत आणि उजनीवर दिसतात. त्यांना निघायची घाई नसते, रणात पाणी भरायला हवं. हा सगळा मध्य आशियाई उड्डाणमार्ग. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला आणि सुमारे तीस देशांतून जाणारा हा मार्ग १८२ जातींचे पाणपक्षी वापरतात.

ही माहिती आपल्याला मिळाली ती पायातल्या कड्यांमुळे. १८९९ साली डेन्मार्कमधल्या हान्स मॉर्टेनसेन या शिक्षकाने मैनांच्या जातीच्या पक्ष्यांना क्रमांक आणि पत्ता कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली, तिथून पद्धतशीर कामाला सुरुवात झाली. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं मोठं काम १९५९ नंतर उभं राहिलं, आणि त्यामागे एक आजार होता. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूर जंगलाचा ताप आढळला. त्याचे विषाणू रशियातल्या एका आजाराच्या विषाणूंशी मिळतेजुळते होते, तेव्हा गोचिडांमार्फत ते पक्ष्यांनी आणले असावेत का, अशी शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि सालिम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी पडली. भरतपूरला कडी घातलेली बदकं तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या शिकाऱ्यांना सापडू लागली, त्यांनी मुंबईला कळवलं, आणि नकाशावर रेषा ओढता येऊ लागल्या. आज काही पक्ष्यांच्या गळ्यात किंवा मांडीवर दुरूनही वाचता येतील अशी रंगीत चिन्हं असतात. हंसांच्या थव्यावरून स्कोप फिरवताना प्रत्येक मान आणि प्रत्येक पाय बघायची सवय लावावी. रंग, अक्षरं, ती कुठल्या पायात आहेत, हे सगळं तिथल्या तिथे लिहावं.

आता या पुस्तकामागच्या मुख्य हट्टाकडे येतो. पहिला पक्षी कधी दिसला, हे सगळे लिहितात. सप्टेंबरात पहिला धोबी दिसला की त्याच दिवशी बातमी सगळीकडे जाते. भारतात २००७ साली मायग्रंटवॉच हा उपक्रम सुरू झाला तोही मुख्यतः आगमनाच्या तारखांसाठीच. पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून दर वर्षी होते, पण ती जानेवारीत. परतीच्या तारखा मात्र आपल्याकडे विरळ आहेत, आणि याला कारण नुसता आळस नाही. पहिला पक्षी दिसला की तो पहिला आहे हे त्या क्षणी माहीत असतं. शेवटचा दिसतो त्या दिवशी तो शेवटचा आहे हे कोणालाच माहीत नसतं. ते पुढच्या आठवड्यात, त्याच्या पुढच्या आठवड्यात, त्याच जागी जाऊन, काही न दिसल्यावर कळतं. म्हणजे परतीची नोंद करायची तर ‘नाही’ लिहायला जावं लागतं. आपल्याला ते जड जातं. पक्षी नसलेल्या तलावावर उन्हात उभं राहायला कोण जाईल?

पण त्या ‘नाही’ला फार मोल आहे. इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ पासून पहिली भिंगरी, पहिलं फूल, पहिलं पान यांच्या तारखा लिहायला सुरुवात केली आणि त्याच्या घराण्याने ते काम पिढ्यान्‌पिढ्या, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू ठेवलं. युरोपात वसंत किती अलीकडे सरकला, हे आज अशा वह्यांवरूनच सांगता येतं. आपल्या बाजूचा, म्हणजे निघण्याच्या टोकाचा, असा दस्तऐवज नाही. भुवई बदकं उजनीवरून पूर्वीपेक्षा आधी निघतात का? धरणातून फेब्रुवारीत मोठं आवर्तन सोडलं तर चिखलपक्षी लवकर हलतात का? २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात गारपीट झाली, उभी पिकं झोपली, पक्षीही मेले. त्या वर्षी परतीचं वेळापत्रक विस्कटलं का? वह्या असत्या तर उत्तरं देता आली असती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि लांब पल्ल्याच्या स्थलांतरी पक्ष्यांची घट त्यात ठळकपणे दिसते. तो अहवाल मुख्यतः तुमच्या-माझ्यासारख्यांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर भरलेल्या याद्यांवर उभा आहे. मार्च-एप्रिलच्या याद्या वाढल्या तर पुढचा अहवाल अधिक नेमका होईल.

पुस्तकात पाण्याबाहेरच्या पक्ष्यांचाही एक भाग आहे, कारण काठावर उभं राहिलं की तेही दिसतातच. काटेसावर, पळस आणि पांगारा फुलले की भोरड्यांचे थवे मधासाठी त्यावर तुटून पडतात. त्यांच्या कपाळाला परागकणांचा पिवळा-केशरी टिळा लागलेला असतो आणि गुलाबी अंग पुरतं खुललेलं असतं. एप्रिलमध्ये त्या जातात. भोवत्ये माळ सोडतात, माळभिंगऱ्या तारांवर दाटीने बसू लागतात. दुसरीकडे आपल्याच पक्ष्यांचा संसार सुरू होत असतो. इंदापूरच्या कचेरीतल्या जुन्या चिंचांवर आणि भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी दिसतात. नदी सुरय आणि पाणभिंगऱ्या उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर, कसलंही घरटं न करता, अंडी घालतात. त्या अंड्यांचा रंग वाळूत इतका मिसळतो की फोटोसाठी बेटावर उतरलेल्या माणसाच्या पायाखाली ती सहज चिरडली जातात. मार्चनंतर बेटांवर उतरू नये. याला अपवाद नाही.

साधनांबद्दल लांबण लावत नाही. ८ बाय ४२ची दुर्बीण पुरते, स्कोप असेल तर उत्तम. मार्चमध्ये सकाळी साडेनवानंतर पाण्यावर झळा नाचू लागतात आणि महागातल्या महाग भिंगातूनही पक्षी थरथरताना दिसतो, तेव्हा उजाडायच्या आधी काठावर हजर असावं आणि सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडावी.

मात्र नावेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. भिगवणच्या मच्छीमारांनी पर्यटनातून नवं उत्पन्न उभं केलं, त्यांतले कित्येक उत्तम जाणकार झाले. मला त्याचा आनंद आहे. पण ‘उडतानाचा फोटो’ हवा म्हणून थव्यावर नाव घालायला लावणारे ग्राहक आपणच असतो. निघायच्या तोंडावर असलेल्या पक्ष्याने महिनाभर खपून साठवलेल्या चरबीतला एक भाग अशा प्रत्येक उड्डाणात जळतो. दिवसात वीस नावा आल्या तर तो वीसदा उडतो, आणि तेवढं खाणंही बुडतं. कुरवांना नावेतून फरसाण टाकणंही थांबायला हवं. तळलेलं, खारट पीठ हे हिमालय ओलांडायचं इंधन नव्हे. नावाड्याला आधीच सांगावं: इंजिन लांबच बंद करा, थवा माना वर करून बघू लागला की तिथेच थांबा, उठवू नका. ठरलेले पैसे त्याला पूर्ण द्यावेत. गिऱ्हाईक असं मागू लागलं की धंद्याची रीत बदलते, हे मी काठावर बघितलं आहे.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. घराजवळचं एक पाणी निवडा. ते उजनीच असायला हवं असं नाही, गावचा पाझर तलाव चालेल. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत दर आठवड्याला ठरलेल्या वेळी तिथे अर्धा तास उभे राहा. दिसलेली प्रत्येक जात आणि अंदाजे संख्या लिहा, पाणी कुठपर्यंत उतरलं ते लिहा, आणि जी जात मागच्या आठवड्यात होती पण आज नाही, तिच्यापुढे ‘नाही’ असं स्पष्ट लिहा. यादी ई-बर्डवर भरा किंवा वहीत ठेवा, पण पुढच्या वर्षीही तेच पाणी धरून राहा. पुस्तकाच्या शेवटी त्यासाठी कोरे तक्ते दिले आहेत. ते फाडून घेतले तरी चालतील.